नाणं बघायचं की डबी?



सिनॉप्सिस दाखवायला गेलं की मार्गदर्शक हमखास विचारतात, "हे कशावरून लिहिलंत?" आपण सांगतो, "कॅटलॉगमध्ये दिलंय." मग दुसरा प्रश्न येतो, "आणि कॅटलॉगवाल्यानं कशावरून लिहिलं?" इथे आपली बोलती बंद होते. आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. त्यासाठी अमेरिकेतल्या जुन्या नाण्यांच्या बाजारात जाऊ. वस्तूवरचा विश्वास लेबलवर कसा सरकतो आणि मग लबाडीही तिथेच कशी जाऊन बसते, हे तिथे फार स्वच्छ दिसतं.

सुरुवात १९४९ पासून करू. त्या वर्षी विल्यम शेल्डन यांचं अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवरचं पुस्तक आलं. शेल्डन हे मुळात मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीराचे तीन प्रकार पाडून प्रत्येकाला १ ते ७ असे आकडे देण्याच्या सिद्धांतामुळे ते आधीच नावारूपाला आले होते. या पुस्तकात त्यांनी नाण्यांनाही आकडे दिले, १ ते ७०. कल्पना अशी की, कसंबसं ओळखू येणारं झिजलेलं नाणं १ डॉलरचं असेल, तर त्याच प्रकारचं निर्दोष नाणं ७० डॉलरचं. थोडक्यात, हा आकडा म्हणजे भावाचा गुणक होता. तांब्याच्या सेंटांचे भाव पुढे बदलले आणि ते गणित मोडलं, पण आकडे टिकले. १९७० च्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशननं ही मोजपट्टी सगळ्याच अमेरिकी नाण्यांना लावली. न वापरलेल्या नाण्यांसाठी ६० ते ७० हा पट्टा ठरला.

पण आकडा देणार कोण? विकणारा म्हणणार ६५, घेणारा म्हणणार ६३. हा वाद मिटवायला तिसरा माणूस हवा होता. १९८६ मध्ये पीसीजीएस या कंपनीचं काम सुरू झालं, १९८७ मध्ये एनजीसी आली. तज्ज्ञांनी नाणं पाहायचं, प्रत ठरवायची, नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवून डबी कायमची सांधून टाकायची आणि आत लेबल घालायचं: नाण्याचं नाव, प्रत, नोंदणी क्रमांक. या डबीला तिकडे 'स्लॅब' म्हणतात. (आपल्याकडे स्लॅब म्हटलं की घराचं छप्पर आठवतं, म्हणून मी डबीच म्हणते.) प्रत चुकली असेल तर भरपाई देण्याची हमीही कंपनीनं घेतली. त्यामुळे एक नवीनच गोष्ट शक्य झाली: व्यापारी नाणं न पाहता, फक्त लेबलवरचा आकडा ऐकून फोनवर सौदा करू लागले.

आता या आकड्याची किंमत बघा. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीत १८८६ मध्ये पाडलेला मॉर्गन डॉलर हातोहात फिरून झिजलेला असेल तर शंभर डॉलरच्या आत मिळतो. तेच नाणं एमएस-६५ प्रतीचं असेल तर भाव एक लाख डॉलरच्या पुढे जातो. धातू तोच, वजनही जवळपास तेच. मधला सगळा फरक पृष्ठभागावरच्या चमकेचा आणि ओरखड्यांचा, आणि तो सामान्य गिऱ्हाइकाला सहजी दिसत नाही. त्याला दिसतो तो आकडा.

म्हणजे भामट्याचं काम उलट सोपं झालं. पूर्वी त्याला नाणं बनवावं लागायचं, आता डबी पुरते. यात ढोबळमानानं तीन तऱ्हा आहेत. पहिली, खरी डबी सांध्यावर उकलायची, आतलं चांगलं नाणं काढून त्याच साली, त्याच टांकसाळीत पाडलेलं हलकं नाणं ठेवायचं आणि कडा पुन्हा चिकटवायच्या. काढलेलं चांगलं नाणं पुन्हा कंपनीकडे पाठवून नवी डबी मिळवता येते, म्हणजे एका नाण्याचे पैसे दोनदा. दुसरी, डबी खरीच ठेवायची पण लेबल बदलायचं. तिसरी, डबी, लेबल, होलोग्राम आणि नाणं असं सगळंच नकली बनवायचं. अशा डब्यांवर एखाद्या लिलावात झळकलेल्या खऱ्या नाण्याचा क्रमांक छापतात. गिऱ्हाईक कंपनीच्या नोंदीत तो क्रमांक तपासतो, तर नाव जुळतं, प्रत जुळते. तपासणी केली म्हणून तो निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. २००८ च्या सुमारास चीनमध्ये बनलेल्या अशा नकली डब्या बाजारात आल्याचं खुद्द कंपन्यांनीच जाहीर केलं.

पहिल्या तऱ्हेच्या खुणा डबीवरच सापडतात: कडेला पांढुरकेपणा, गोंदाचा ओघळ, हत्यारानं खरवडल्याच्या रेघा, सांध्यात फट. पण नीट पाहिलं तर या सगळ्या तपासात आपण डबीकडेच बघतोय! नाण्याकडे बघणं कधीच मागे पडलंय. बाजार या बाबतीत इतका पुढे गेला की, कंपन्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या जुन्या डब्यांना आता स्वतंत्र भाव मिळतो. त्या काळी प्रत कडक लावत, अशी संग्राहकांची समजूत आहे.

उपायही झाले. कंपन्या नाण्याचं छायाचित्र नोंदीसोबत ठेवू लागल्या, डबीत इलेक्ट्रॉनिक चिप आली. नकली नाण्यांवर 'प्रतिकृती' अशी खूण सक्तीची करणारा कायदा अमेरिकेत १९७३ पासून होता. डिसेंबर २०१४ मध्ये तो सुधारून प्रतवारी कंपन्यांची चिन्हं परवानगीशिवाय वापरणंही त्यात आणलं. यातला खरा कामाचा उपाय मला छायाचित्राचा वाटतो, कारण तो खरेदीदाराला पुन्हा नाण्याकडे बघायला लावतो. पण आधीच्या कितीतरी नाण्यांची छायाचित्रं नोंदीत नाहीतच.

इथपर्यंत आपण भामट्यांबद्दल बोललो. पण समजा डबी शंभर टक्के खरी आहे. मग आकडा खरा का? १९९० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं पीसीजीएसवर तक्रार दाखल केली. आपली प्रतवारी वस्तुनिष्ठ आणि सातत्यपूर्ण आहे, हा कंपनीचा जाहिरातीतला दावा दिशाभूल करणारा आहे, असं कमिशनचं म्हणणं होतं. प्रकरण तडजोडीनं मिटलं. मुद्दा एवढाच की, लेबलवरचा आकडा म्हणजे जाणकार माणसांचं मत. ते मोलाचं आहे, पण मोजमाप नाही.

आणि आता पुन्हा शेल्डन. पेन्सिल्व्हेनियातले उद्योगपती जॉर्ज क्लॅप यांनी आपला सेंटांचा संग्रह १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीला दिला होता. शेल्डन तिथे अभ्यासाला जात. ते मोठे तज्ज्ञ, त्यांच्यावर कोण लक्ष ठेवणार? त्यांनी संग्रहातली उत्तम नाणी उचलली आणि त्यांच्या जागी त्याच प्रकारची आपल्याकडची हलकी नाणी ठेवली. संख्या भरत होती, प्रकार जुळत होते, नोंद तशीच होती. १९७२ मध्ये त्यांनी आपला संग्रह कॅलिफोर्नियातल्या एका संग्राहकाला विकला आणि १९७७ मध्ये ते वारले. चोरी उघडकीला आली ती १९९० च्या सुमारास. मोजपट्टी बनवणाऱ्यानंच, प्लास्टिकची डबी जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, 'लेबल तेच, नाणं दुसरं' हा डाव खेळून ठेवला होता.

तो पकडला कसा गेला? लेबलवरून नाही. क्लॅप यांच्या नाण्यांची जुनी छायाचित्रं होती. तांब्याच्या प्रत्येक सेंटावर खळगे, डाग, ओरखडे असतात आणि ते कोणत्याही दोन नाण्यांवर सारखे नसतात. छायाचित्रं प्रत्यक्ष नाण्यांशी ताडून पाहिली आणि अदलाबदल उघडी पडली. मुदत उलटून गेली, हा मुद्दाही कोर्टात आला. चोरीची वस्तू कोणाकडे आहे हे मालकाला कळेपर्यंत मुदत सुरू होत नाही, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं १९९६ मध्ये दिला.

आता आपलं बघू. तुम्ही उद्या एखाद्या संग्रहालयात सातवाहन नाण्यांवर काम करायला जाल. ट्रेमध्ये नाणं असेल, शेजारी कार्ड असेल. आपला हात आधी कार्डाकडे जातो, माझाही जायचा. आता मी क्रम बदललाय. आधी नाण्याचं वजन, व्यास, दोन्ही बाजूंची छायाचित्रं आणि त्याच्या अंगावरच्या खुणा टिपायच्या. मगच कार्ड वाचायचं आणि दोन्ही जुळतात का बघायचं. कार्ड लिहिणारा लबाड असेल असं मुळीच नाही. बहुतेक वेळा तो आपल्यापेक्षा जास्त जाणकार असतो. पण कार्ड लिहिल्यानंतर ट्रे किती हातांतून गेला, हे कार्ड सांगत नाही.

हे फक्त नाण्यांपुरतं नाही. दप्तरातला रुमाल, हस्तलिखिताचं वेष्टन, मुलाखतीच्या फाइलचं नाव, या सगळ्या डब्याच आहेत. त्यांच्याशिवाय काम होणार नाही, हे मान्य. फक्त प्रबंधात लिहिताना "नाणं असं आहे" आणि "कार्डावर असं लिहिलंय" ही दोन वाक्यं वेगळी ठेवा. व्हायवाला बसाल तेव्हा तो दुसरा प्रश्न येणारच आहे.