लेखकासमोरच पुस्तकावर टीका: ‘ऑथर मीट्स क्रिटिक्स’ चर्चा काय असते, ती रंगते कशी?

पुस्तक प्रकाशनाचा कार्यक्रम म्हटला की शाल, श्रीफळ आणि कौतुकाची भाषणं आलीच. पाहुण्यांनी पुस्तक पूर्ण वाचलंय का, हे कुणी विचारत नाही. अभ्यासकांच्या जगात मात्र नव्या पुस्तकासाठी एक वेगळा प्रकार रूढ आहे, ‘ऑथर मीट्स क्रिटिक्स’. म्हणजे लेखक आणि टीकाकार समोरासमोर. अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशन, अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशन अशा संघटनांच्या परिषदांमध्ये ही सत्रं होतात.

स्वरूप कसं असतं?

मंचावर लेखक, दोन-चार समीक्षक आणि एक अध्यक्ष असतो. समीक्षक आक्षेप मांडतात, लेखक उत्तर देतो, मग श्रोते प्रश्न विचारतात. समीक्षकांनी आपली टिपणं लेखकाला आधी पाठवली, तर उत्तर तयारीनिशी मिळतं.

चर्चा रंगते कशामुळे?

- निवड: सगळे समीक्षक लेखकाचे मित्र नकोत. किमान एक जण वेगळ्या विषयाचा किंवा वेगळ्या मताचा हवा.
- वाटणी: कोण कोणत्या मुद्द्यावर बोलणार, हे आधी ठरवावं. नाहीतर तिघंही तेच बोलतात.
- सारांश: बहुतेक श्रोत्यांनी नवं पुस्तक वाचलेलं नसतं. म्हणून लेखकाने सुरुवातीलाच मुख्य मुद्दा सांगावा.
- वेळ: ९० मिनिटं असतील तर लेखकाला सुरुवातीला १०, तीन समीक्षकांना प्रत्येकी १० आणि लेखकाच्या उत्तराला १५ मिनिटं. उरलेली ३५ श्रोत्यांची. अध्यक्षाने वेळ पाळली नाही, तर कात्री नेमकी याच ३५ मिनिटांवर चालते.

रंगणं वेगळं, भडकणं वेगळं

ब्रिटिश इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांचं ‘द पॉव्हर्टी ऑफ थिअरी’ १९७८ मध्ये आलं. त्यात फ्रेंच विचारवंत लुई अल्थ्युसेर यांच्यावर जोरदार हल्ला होता. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये ‘हिस्टरी वर्कशॉप’च्या परिषदेत त्यावर चर्चा झाली. स्टुअर्ट हॉल आणि रिचर्ड जॉन्सन यांनी आक्षेप मांडले. थॉम्पसन यांनी इतक्या कठोर शब्दांत उत्तर दिलं की वातावरण तणावाचं झालं. तिघंही डाव्या विचारांचेच होते, तरीही ही चर्चा आजही मुद्द्यांइतकीच कटुतेसाठी आठवली जाते.

पण मुद्दे वाया गेले नाहीत. तिघांची मांडणी १९८१ मध्ये राफेल सॅम्युएल यांनी संपादित केलेल्या ‘पीपल्स हिस्टरी अँड सोशलिस्ट थिअरी’ या ग्रंथात छापली गेली.

आपल्याकडे करायचं तर?

समीक्षकांना काही आठवडे आधी पुस्तक द्या. पहिला प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला विचारू द्या. शाल-श्रीफळ राहू द्यायलाही हरकत नाही. फक्त ‘मला हे पटलं नाही’ असं म्हणणारा एक तरी वक्ता मंचावर हवा, आणि त्याने पुस्तक वाचलेलं हवं.