अंधारातला हत्ती : एका लोककथेचा प्रवास

आंधळे आणि हत्ती ही गोष्ट आपण लहानपणी दादी-नानीकडून किंवा वर्गात ऐकली असेल. एकाने पाय चाचपला, त्याला हत्ती खांबासारखा वाटला. दुसऱ्याने कान चाचपला, त्याला सुपासारखा वाटला. आपण हसलो आणि गोष्ट विसरलो. परंतु या साध्या कथेत सूफी संतांनी केवढा आशय भरला, हे पाहण्यासारखे आहे.

ही कथा आपल्याच देशातील 'उदान' या पाली बौद्ध ग्रंथात आढळते. पुढे ती इस्लामी जगात पोहोचली. इमाम गझाली (निधन १११１) यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात तिचा दाखला दिला. बाराव्या शतकात गझनीचे कवी हकीम सनाई यांनी ती फारसी काव्यात आणली. त्यांच्या कथेत तर अख्खे शहरच आंधळ्यांचे आहे.

मौलाना जलालुद्दीन रूमी (१२०७-१२७३) यांनी 'मसनवी'च्या तिसऱ्या दफ्तरात हीच कथा घेतली, पण एक महत्त्वाचा बदल केला. हिंदी लोकांनी दाखवण्यासाठी आणलेला हत्ती एका अंधाऱ्या घरात ठेवला आहे. पाहायला आलेल्या लोकांना दृष्टी आहे, घरात उजेड मात्र नाही. सोंड चाचपणाऱ्याला हत्ती पन्हाळीसारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला पंख्यासारखा, पाय चाचपणाऱ्याला खांबासारखा आणि पाठीवर हात फिरवणाऱ्याला तख्तासारखा. प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती असती तर वादच उरला नसता, असा मौलानांचा निष्कर्ष आहे.

हा बदल लहान नाही. जन्मांध माणसाला दोष देता येत नाही आणि त्याच्यापुढे दिवा धरूनही उपयोग नाही. अंधार मात्र दूर करता येतो. सूफी विचारात हत्ती म्हणजे हकीकत, तळहात म्हणजे आपली इंद्रिये आणि मेणबत्ती म्हणजे मारिफत, अंतःकरणाचे ज्ञान. लक्षात घ्या, त्या लोकांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. हाताला लागले तेवढेच संपूर्ण आहे असे मानले, हीच त्यांची चूक. घराघरांतील आणि जमातीजमातींतील कितीतरी भांडणे याच चुकीतून होतात.

पालकहो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा आणि 'त्या घरात दिवा कोणी लावायचा?' असे शेवटी विचारा. मुलाची गुणपत्रिका हाती घेतानाही ती आठवा. परीक्षेचे गुण म्हणजे हत्तीचा एक पाय आहे. तेवढ्यावरून आपले मूल आपल्याला पुरते कळत नाही.