पुराचं पाणी, घाटाचा चढ आणि टर्बो इंजिनाचा कनेक्टिंग रॉड : गाडीवाल्यांनी हे माहीत करून घ्या

गगनबावडा : पावसाळ्यात कुंभी नदीचं पाणी मांडुकली, खोकुर्ले परिसरात कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर येतं. पाण्यातून गाडी काढताना इंजिन बंद पडलं की पुन्हा सेल्फ मारायची घाई होते. हजारो रुपयांचं नुकसान बऱ्याचदा तिथंच होतं. मोडतो तो कनेक्टिंग रॉड.

कनेक्टिंग रॉड म्हणजे काय?

पिस्टन वर-खाली होतो, क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचं खालचं तोंड दोन भागांचं असतं. खालची कॅप दोन बोल्टांनी आवळलेली असते, आत बेरिंग असतं.

टर्बो जास्त हवा दाबून भरतो, म्हणून जास्त डिझेल जळतं आणि ताकद वाढते. टर्बो डिझेल इंजिनात जळताना दाब दर चौरस सेंटीमीटरला 150 किलोच्या आसपास जातो. 8 सेंटीमीटर व्यासाच्या पिस्टनवर हा भार साडेसात टन होतो. म्हणजे उसाची भरलेली ट्रॉली क्षणभर एका दांड्यावर! कंपनीच्या सेटिंगमध्ये रॉड हे सोसतो. बिघडतं ते पुढच्या कारणांनी.

1) पाणी : हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून सिलिंडरात पाणी गेलं की पिस्टन वर येताना अडतो आणि रॉड वाकतो. काही वेळा थोडा वाकलेला रॉड घेऊन गाडी चालू होते, पण काही आठवड्यांनी तोच रॉड तुटून ब्लॉक फोडतो.

2) चढ : करूळ किंवा भुईबावडा घाट वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, पॅडल पूर्ण दाबून चढवला की रॉड आणि बेरिंगवर जोर येतो. पिकअपसाठी बाहेरून चिप बसवली किंवा रिमॅप केलं असेल, तर कंपनीने ठेवलेली शिल्लक ताकदही खर्च होते.

3) उतार : दाबाने रॉड वाकतो, पण बोल्ट तुटतात ते फेऱ्यांनी. पिस्टन वर जाऊन परत फिरताना बोल्ट ओढले जातात. फेरे दुप्पट झाले की ही ओढ चौपट होते. वेगात असताना चुकून एकदम खालचा गिअर पडला तर चाकंच इंजिन पळवतात, तिथं डिझेल तोडूनही उपयोग नसतो. म्हणून खालचा गिअर घाटाच्या तोंडालाच टाकावा.

4) ऑईल : टर्बो आणि बेरिंग एकाच ऑईलवर चालतात. ऑईल कमी किंवा जुनं झालं की बेरिंग खराब होतं, ठोका लागतो आणि बोल्टांना हादरे बसतात. टर्बोचं सील गेलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन बेफाम पळू शकतं.

इंजिन खोललं तर

बऱ्याच नव्या गाड्यांचे रॉड बोल्ट आवळताना ताणले जातात, ते एकदाच वापरायचे असतात. "जुने चांगलेच दिसतात" म्हणून परत लावू नयेत. आवळणी टॉर्क पान्याने, नंतर सांगितलेल्या अंशात, त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच. अंदाजाने नको. कॅप ज्या रॉडची त्यालाच आणि त्याच बाजूने बसली पाहिजे. पाण्यातल्या गाडीचे रॉड कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी मशीन शॉपमध्ये मापून घ्यावेत. वाकलेला रॉड ठोकून सरळ करू नये.

पाण्यात गाडी बंद पडली तर

- सेल्फ मारू नका. ढकलून, गिअर टाकूनही चालू करू नका.
- गाडी न्यूट्रल करून बाहेर ओढा. पाणी उतरल्यावर बॅटरीची वायर काढा.
- टोचन करून गॅरेजला न्या. ऑटोमॅटिक किंवा चारही चाकांना ओढ असलेली गाडी उचलून न्यावी.
- एअर फिल्टर ओला असेल तर मिस्त्रीला इंजेक्टर (पेट्रोल गाडीत प्लग) काढून पाणी बाहेर काढायला सांगा. इंटरकूलरमध्येही पाणी साचतं. ऑईल आणि फिल्टर बदला.
- फोटो काढा, विमा कंपनीला लगेच कळवा. साध्या विम्यात पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं वेगळं कलम लागतं. पावसाळ्याआधी पॉलिसी वाचून घ्या.

ठोक्याचा आवाज, एका सिलिंडरची मिसिंग किंवा ऑईलचा दिवा यातलं काहीही दिसलं तर तिथंच इंजिन बंद करा. त्या वेळी फार तर बेरिंगवर भागतं, पुढे गाडी रेटली तर अख्खं इंजिन जातं.