नाकातलं शिसं

१९५१च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला एचटी-२ हे विमान पहिल्यांदा उडालं. स्वतंत्र भारतात आखलेलं, शिकाऊ वैमानिकांसाठीचं हे दोन आसनी विमान. आराखड्याचं नेतृत्व डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं. आपला मराठी माणूस, १९३६ साली जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टर झालेला. आम्हीही डॉक्टर, पण तत्त्वज्ञानाचे. त्याचा फटका पुढे बसला.

झालं असं, की भोरच्या काही मुलांनी याच विमानाची एक-षष्ठांश प्रतिकृती केली, रेडिओवर चालणारी. वेल्ह्यात तोरण्याच्या पायथ्याशी, भात कापलेल्या खाचरात ती उडवायची होती. हुबेहूब म्हणजे नेमकं काय, यावर आम्ही तिथं बोलत बसलो. लांबी सहापट घटली की पंखांचं क्षेत्रफळ छत्तीसपट घटतं, घनफळ दोनशे सोळापट. हवा मात्र तीच राहते! पंखांखाली दोन बोटं धरून तोल बघायचा, ते राहूनच गेलं. शेपटीवर रंगाचे थर चढलेले. विमान उठलं, नाक वर काढलं, एका पंखावर कलंडलं आणि बांधावर आदळलं.

दुरुस्तीनंतर मुलांनी नाकात शिसं भरून तोल पंखाच्या रुंदीच्या पुढच्या चौथ्या हिश्श्याजवळ आणला. मग ते उडालं, तोरण्याकडून वळून परतही आलं. ते शिसं घाटग्यांच्या विमानात नव्हतं. तिथं १५५ अश्वशक्तीचं सिरस इंजिन होतं.