पेडणे–डिचोली : शेती-साहाय्य आणि भूसंधारण योजना

उत्तर गोव्यातील पेडणे व डिचोली या तालुक्यांत शेतकरी, बागायतदार व गोपालकांना मिळणारे सरकारी अर्थसाहाय्य आणि जमीन राखण्याची सरकारी कामे. पिकांच्या योजना गोव्याचे कृषी संचालनालय तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयामार्फत राबवते, तर दुभत्या जनावरांसाठी अनुदान देणारी सुधारित कामधेनू योजना पशुसंवर्धन खात्याकडे आहे.

राज्याच्या बहुतेक योजनांना कृषी कार्ड लागते आणि कार्डासाठी एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमीन कोणाची व कोण कसतो याची नोंद. खरी अडचण इथेच आहे. हे दोन्ही तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेलेल्या नव्या काबिजादीत येतात. कसणारा एक, उताऱ्यावर नाव भलत्याचेच, हा इथला जुना रिवाज. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनी कुळांना मालक ठरवले. पण दावे मामलेदार कचेरीत रेंगाळले. डिचोलीतील मये गावची जमीन तर गोवामुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात होती. तिच्या सनदांचा मार्ग 2014 च्या कायद्याने मोकळा झाला. ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, त्याच्यापर्यंत अनुदान सहसा पोचत नाही.

प्रत्यक्षात उपयोगी पडते ती आधारभूत किंमत. काजूचा बागायतदार बिया नोंदणीकृत संस्थेला बाजारभावाने विकतो, पावती अर्जाला जोडतो आणि आधारभूत किंमत व बाजारभाव यांतील फरकाची रक्कम त्याच्या बँक खात्यात येते. 2023 मध्ये काजूचा आधारभूत दर किलोला 125 वरून 150 रुपये झाला. भात, नारळ, सुपारी यांनाही ही योजना लागू आहे. पीक बुडाल्यास शेतकरी आधार निधीतून भरपाई मिळते. केंद्राच्या पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये येतात, ते तीन हप्त्यांत.

भूसंधारणाचा जीव खाजनात आहे. तेरेखोल व शापोरा नद्यांकाठची ही शेते भरतीच्या पातळीखाली असतात. बांध आणि मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, यांवरच ती तगतात. ओहोटीला मानशीच्या फळ्या उघडून आतले पाणी सोडायचे, भरतीला त्या बंद ठेवायच्या. बांधाला भगदाड पडले की खारे पाणी आत शिरते आणि नेहमीचे भात जळते. तग धरते ते खारेपण सोसणारे कोरगूट हे देशी भात. कोरगूटमधूनच निवड करून जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या (आयसीएआर) संस्थेने ‘गोवा धान’ या भातवाणांपैकी काही तयार केले. बांधांच्या डागडुजीची जबाबदारी कूळ संघांवर असते. मोठी कामे कृषी खात्याचा मृदसंधारण विभाग करतो. डिचोलीचे दुखणे वेगळे : शिरगाव, मुळगाव, पिळगाव भागांत खाणींची माती पावसासोबत शेतांत उतरली. नुकसानभरपाई आणि गाळ उपसणे हे तिथे खाणकामाइतकेच जुने वाद आहेत.

तिळारी धरणाचे पाणी कालव्यांनी दोन्ही तालुक्यांत येते. जमीन शेतीकडेच राहावी म्हणून भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर 2023 च्या कायद्याने निर्बंध आले. पेडण्यातील मोपा विमानतळाची जमीन मात्र त्याआधीच संपादित झाली होती.