इंटरनेट कारभार

इंटरनेट कारभार : इंटरनेटवरील नावे व पत्ते, समुद्राखालच्या केबल, डेटाचे दर, मजकुरावरचे निर्बंध आणि सेवा बंद ठेवण्याचे आदेश यांविषयी कोण ठरवते, कोणत्या अधिकारात ठरवते आणि ठरवताना कोणाला विचारते, या साऱ्या व्यवस्थेला हे नाव आहे. तिची आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या आफ्रिकेच्या भूमीवर मान्य झाली. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथे संयुक्त राष्ट्रांची माहिती समाजविषयक शिखर परिषद भरली आणि सरकारे, खासगी क्षेत्र व नागरी समाज या तिघांनी मिळून हा कारभार पाहावा, असे तिथे ठरले. याच परिषदेतून ‘इंटरनेट गव्हर्नन्स फोरम’ हे चर्चेचे व्यासपीठ निघाले. त्याची तिसरी बैठक डिसेंबर २००८ मध्ये हैदराबादला झाली. ट्युनिस परिषदेचा यजमान ट्युनिशिया मात्र त्या काळात आपल्याच नागरिकांना सरकारला नको असलेली संकेतस्थळे दिसू देत नव्हता. नागरी समाजाचे नाव व्याख्येत येणे सोपे, त्याला खुर्ची मिळणे अवघड, हे पहिल्याच दिवशी दिसून आले.

ही नोंद महाराष्ट्रातील वापरकर्त्यापुरती असून सोलापूरचा सात रस्ता हा चौक तिचे नमुन्याचे ठिकाण आहे. आफ्रिकेतील दाखले शोभेसाठी घेतलेले नाहीत. मुंबईच्या किनाऱ्यावरून निघणारी सीकॉम ही केबल जुलै २००९ पासून पूर्व व दक्षिण आफ्रिकेला जोडते. एअरटेलने २०१० मध्ये झेन कंपनीचा आफ्रिकेतील व्यवसाय विकत घेतला आणि आज तिचा कारभार तिथल्या १४ देशांत चालतो. म्हणजे सात रस्त्यावरचा ग्राहक आणि झांबियातील लुसाका शहरातला ग्राहक एकाच समूहाचे सिमकार्ड वापरत असू शकतात. दोघांच्या पदरात पडते ते मात्र वेगळे, कारण नियम करणारे वेगळे.

सेवाबंदी : वापरकर्त्याला सर्वांत थेट भिडणारा प्रश्न हाच. सात रस्त्याला शासकीय विश्रामगृह आहे. पालकमंत्री, आमदार, पक्षांचे निरीक्षक तिथे उतरतात, पत्रकार परिषदा होतात. पण सोलापुरातले मोबाइल इंटरनेट बंद करण्याचा अधिकार ना जिल्हाधिकाऱ्याला आहे, ना पोलीस आयुक्ताला. ते प्रस्ताव पाठवू शकतात. आदेश निघतो मुंबईतून, राज्याच्या गृह विभागाच्या सचिवाच्या सहीने. हा बदल ७ ऑगस्ट २०१७ च्या दूरसंचार सेवा तात्पुरत्या स्थगितीच्या नियमांनी झाला. त्याआधी अनेक राज्यांत जमावबंदीचे कलम १४४ वापरून जिल्हा पातळीवरच इंटरनेट तोडले जाई. २०१७ च्या नियमांचा आधार १८८५ चा भारतीय तार कायदा होता. तारायंत्रे थांबवण्यासाठी इंग्रजांनी करून ठेवलेली तरतूद सव्वाशेहून अधिक वर्षांनी व्हॉट्सअॅपवर चालली.

नियमांनुसार आदेशाला कारण लागते आणि पाच दिवसांत पुनर्विलोकन समितीने तो तपासावा लागतो. राज्यात या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात आणि सोबत विधी विभागाचे व आणखी एका विभागाचे सचिव. थोडक्यात, सचिवाचा आदेश सचिवच तपासतात. संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात यावर बोट ठेवले आणि समितीत निवृत्त न्यायाधीशांसारखे बाहेरचे सदस्य घ्यावेत, असे सुचवले. देशात कुठे, किती वेळा, किती काळ इंटरनेट बंद राहिले याची नोंद केंद्राकडे ठेवलीच जात नाही, हेही त्याच अहवालात पुढे आले. टपाल खात्याच्या पाकिटांचाही हिशेब ठेवणाऱ्या देशात ही गफलत चकित करणारी आहे.

महाराष्ट्रातील अलीकडच्या बंद्यांत अमरावती (नोव्हेंबर २०२१), कोल्हापूर (जून २०२३), पुसेसावळीच्या घटनेनंतर सातारा (सप्टेंबर २०२३), मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड व जालना (ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२३) आणि बदलापूर (ऑगस्ट २०२४) यांचा समावेश होतो. कोल्हापूरला निमित्त होते मोबाइलवरच्या स्टेटसचे. स्टेटस ठेवणारे मोजके, बंदी मात्र सबंध जिल्ह्याला.

अशी बंदी सात रस्त्यावर लागू झाली तर काय होईल, हे सांगायला कल्पनाशक्ती लागत नाही. मोबाइलवर रेंजच्या कांड्या पूर्ण दिसतात, फोन लागतो, एसएमएस येतो. चहाच्या गाड्यावरचा क्यूआर कोड जागेवर असतो, पण पैसे जात नाहीत. ‘रुपये प्राप्त झाले’ असे सांगणारा साउंड बॉक्स मुका होतो, कारण त्याच्या पोटातही सिमकार्डच असते. बँकेचा ओटीपी एसएमएसने वेळेवर येतो. तो ज्या पानावर टाकायचा ते पान उघडत नाही. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र अंगठा घेते आणि फिरत बसते. घरात तारेचे ब्रॉडबँड असलेल्याचे काम अनेकदा चालू राहते, कारण आदेश बहुधा मोबाइल डेटापुरता असतो. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरात इंटरनेट म्हणजे मोबाइलच. बंदीचा भार कोणावर पडतो ते यावरून कळावे. *९९# हा साध्या फोनवरून पैसे पाठवण्याचा मार्ग डेटाशिवाय चालतो. तो ठाऊक असलेला माणूस चौकात शोधावाच लागेल.

सर्वोच्च न्यायालयाची भूमिका १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन खटल्याच्या निकालात स्पष्ट झाली. इंटरनेटवरून बोलण्याचे आणि व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाखाली येते. बंदी बेमुदत असू शकत नाही. आणि प्रत्येक आदेश प्रसिद्ध करावा लागतो, म्हणजे ज्याला तो खटकेल त्याला न्यायालयात जाता येईल. खटला काश्मीरमधला होता, पण निकाल सोलापूरलाही तितकाच लागू आहे. त्यानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये बंदीला १५ दिवसांची कमाल मर्यादा आली.

आफ्रिकेत हेच दुखणे अधिक वाढलेल्या रूपात दिसते. जानेवारी २०११ मध्ये इजिप्तने जवळजवळ सगळा देश इंटरनेटवरून उतरवला. कॅमेरूनच्या इंग्रजी बोलणाऱ्या प्रांतांत २०१७ मध्ये सेवा ९३ दिवस बंद राहिली. इथिओपियाच्या टिग्राय प्रांतात युद्धकाळात ही बंदी दोन वर्षांपर्यंत लांबली. परंतु दिलासाही तिथूनच आला : टोगोने २०१७ मध्ये निदर्शनांच्या वेळी केलेली बंदी बेकायदा होती, असा निकाल पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने जून २०२० मध्ये दिला. स्वतःच्या देशाबाहेरच्या न्यायालयात दाद मागता येणे ही सोय टोगोच्या नागरिकाला आहे, आपल्याला नाही.

दर आणि समान वागणूक : फेसबुकने जुलै २०१४ मध्ये झांबियात एअरटेलसोबत ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ हे अॅप आणले. ठरावीक संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे, अशी त्याची मांडणी होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये तेच अॅप रिलायन्स कम्युनिकेशन्समार्फत भारतात आले आणि सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. मराठीतही ते उपलब्ध होते. पुढे त्याचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडे तरी बरे, हा त्यामागचा युक्तिवाद ऐकायला गोड होता. पण कोणते ‘थोडे’ ते कंपनी ठरवणार होती. सोलापूरच्या एखाद्या छोट्या वर्तमानपत्राचे संकेतस्थळ त्या यादीत नसेल, तर गरीब वाचकाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) मार्च २०१५ मध्ये याच विषयाच्या अंगाने मते मागवली तेव्हा दहा लाखांहून अधिक ईमेल आले. सरकारी सल्लामसलतीच्या कागदाला एवढा प्रतिसाद पूर्वी मिळालेला नव्हता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगळा दर लावण्यास मनाई केली आणि फ्री बेसिक्सला भारतातून जावे लागले. आफ्रिकेतील कित्येक देशांत ते चालूच राहिले. भारतातील इंटरनेट कारभाराच्या इतिहासात सामान्य वापरकर्त्याने निर्णय फिरवल्याचे एवढे ठळक उदाहरण दुसरे नाही, आणि ते घडले ते नियामकाने आधी प्रश्न लोकांपुढे ठेवला म्हणून. सेवाबंदीच्या आदेशाला ही पायरीच नाही.

कराच्या बाबतीत युगांडाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. जुलै २०१८ पासून तिथे समाजमाध्यमे वापरायची तर दिवसाला २०० शिलिंग भरावे लागत. लोक वापर लपवणाऱ्या व्हीपीएनकडे वळले, अपेक्षित वसुली झाली नाही. २०२१ मध्ये तो कर काढून डेटावर १२ टक्के कर बसवण्यात आला. भारतात दूरसंचार सेवेवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. कोणते अॅप वापरता यावर तो अवलंबून नाही, एवढाच काय तो फरक. रिचार्जच्या किमतीत मुरलेला असल्याने तो कोणाला टोचतही नाही.

मजकूर : या बाबतीत महाराष्ट्राने देशाला दोन मोठे निकाल मिळवून दिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने ते केवळ पसंत केले होते. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. केनियाच्या उच्च न्यायालयाने तिथल्या माहिती व दळणवळण कायद्याचे तशाच मोघम शब्दांचे २९ वे कलम एप्रिल २०१६ मध्ये रद्द केले. आपल्याकडे रद्द झालेल्या कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदवले जात राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. निकाल दिल्लीहून पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचायला सात वर्षे लागली.

दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचा. केंद्र सरकारविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष ठरवील, या नियमाला विनोदकार कुणाल कामरा यांनी आव्हान दिले. जानेवारी २०२४ मध्ये न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांची मते भिन्न पडली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी नियम घटनाबाह्य ठरवला. ट्विटरने राष्ट्राध्यक्षांचा मजकूर काढल्यानंतर नायजेरियाने ते माध्यमच जून २०२१ पासून जानेवारी २०२२ पर्यंत बंद ठेवले होते. त्या मानाने आपली वाट लांबची, पण निदान न्यायालयातून जाणारी.

नावे व पत्ते : संगणकाला लागणारे आयपी पत्ते भारतात ‘आयआरआयएनएन’ ही राष्ट्रीय नोंदणी संस्था देते; तिच्यावर ब्रिस्बेनची ‘एपनिक’. आफ्रिकेसाठी मॉरिशसमध्ये २००५ पासून ‘आफ्रिनिक’ आहे. सुमारे ६२ लाख पत्त्यांवरून एका कंपनीशी झालेल्या वादात ही संस्था न्यायालयांत इतकी अडकली की तिची बँक खाती काही काळ गोठली आणि २०२३ मध्ये तिच्यावर न्यायालयाने प्रशासक नेमला. वापरकर्त्याने कधी नावही न ऐकलेली संस्था मोडकळीस आली तरी अखेर झळ त्यालाच पोहोचते.

देवनागरीतील ‘.भारत’ हे नाव २७ ऑगस्ट २०१४ पासून मराठीसह आठ भाषांना खुले झाले. सोलापूरच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या तेलुगू, कन्नड व उर्दूच्या लिपींतही तशी सोय आहे. प्रत्यक्षात मराठी अक्षरांतला ईमेल पत्ता कितीतरी अर्ज ‘अवैध’ म्हणून परत करतात, त्यामुळे दुकानदार इंग्रजी नावच घेतो.

सध्याची स्थिती : दूरसंचार कायदा, २०२३ खाली २२ नोव्हेंबर २०२४ रोजी सेवास्थगितीचे नवे नियम आले आणि २०१७ चे नियम मागे पडले. आदेश प्रसिद्ध करणे, त्यात कारण, नेमका भूभाग आणि कालावधी लिहिणे आता नियमातच आहे. १५ दिवसांची मर्यादा कायम आहे. पुनर्विलोकन समिती मात्र सचिवांचीच राहिली. आपल्या गावचे इंटरनेट बंद झाले, तर व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या फोटोवर न थांबता वाचकाने गृह विभागाचा मूळ आदेश, त्याचा क्रमांक आणि मुदत मागावी. तो दाखवणे हे सरकारवर बंधन आहे, उपकार नव्हे.