हेडक्लार्कची कुळकथा

कॉम्प्युटर हिशेब करतो हे आता शेंबडं पोरही सांगेल. पण कॉम्प्युटरकडून तो हिशेब करवून कोण घेतं? आमच्या शाखेत हा प्रश्न विचारलात तर मॅनेजरसाहेब हळूच टाय सारखा करतील. वास्तविक हा मान ऑपरेटिंग सिस्टीमचा. ती स्वतः बेरीज करत नाही की वजाबाकी करत नाही. कोणाचं काम आधी घ्यायचं, कोणाला किती जागा द्यायची, कपाटाची किल्ली कोणाच्या हाती द्यायची आणि कोणाला 'जरा बसा' म्हणायचं, एवढंच ती बघते. थोडक्यात, ती हेडक्लार्क आहे. तिला जन्म इंजिनियर मंडळींनी दिला असेल, पण गोत्र आम्हा कारकुनांचं! म्हणून तर मी कॉमर्सचा पदवीधर असूनही तिची कुळकथा सांगायला बसलो आहे.

सुरुवातीला हा हेडक्लार्क नव्हताच. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली बांधलेला कॉम्प्युटर १९६० साली चालू झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. खोलीभर पसारा आणि स्मरणशक्ती २०४८ शब्दांची! लग्नात कोणी काय आहेर केला याबाबत आमच्या सौ.ची स्मरणशक्ती याहून दांडगी आहे. अशा सुरुवातीच्या यंत्रांवर एका वेळी एकाचंच काम चालायचं. एकाचं संपलं की दुसऱ्यानं आपलं बाड मांडायचं, आणि तोवर लाखमोलाचं यंत्र लंच टाइममधल्या काउंटरसारखं रिकामं. या दुखण्यावर अमेरिकेत १९५६ सालीच उपाय निघाला होता. जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनच्या लोकांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी असा प्रोग्रॅम लिहिला, की एक काम संपताच तो आपणहून पुढचं काम उचलायचा. 'नेक्स्ट!' म्हणणारा पहिला क्लार्क तो हाच.

पुढे १९६१ साली एमआयटीत कोर्बाटो यांनी टाइम शेअरिंग करून दाखवलं. प्रत्येकाला क्षणभर वेळ द्यायचा आणि इतक्या चपळाईनं फिरायचं, की प्रत्येकाला वाटावं, यंत्र आपल्याच दिमतीला आहे. एकाच्या स्लिपवर सही, दुसऱ्याच्या पासबुकात नोंद आणि तिसऱ्याला 'आलोच हं', हे आम्ही फार पूर्वीपासून करतो. फरक एवढाच, की आमच्या बाबतीत कोणालाच तसं वाटत नाही.

मग आयबीएमनं १९६४ साली आपली नवी ३६० मालिका जाहीर केली. तिची ऑपरेटिंग सिस्टीम वेळेवर होईना म्हणून माणसं वाढवली, तर उशीर आणखी वाढला! त्या कामाचे प्रमुख ब्रुक्स यांनी १९७५ साली या अनुभवावर पुस्तक लिहिलं आणि ते नावाजलं गेलं. मार्चअखेरीला आमच्या शाखेत डोकावले असते तर एका दुपारीत काम झालं असतं.

याउलट केन थॉम्प्सनची गोष्ट. १९६९ साली त्यांची पत्नी लहानग्याला घेऊन तीन आठवडे आजी-आजोबांच्या भेटीला गेली. तेवढ्यात या गृहस्थानं बेल लॅबोरेटरीत युनिक्सचा पहिला संसार मांडला. आमची मंडळी माहेरी गेली की तीन आठवड्यांत मला चहाच्या पावडरचा डबासुद्धा सापडत नाही. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलीवर लिहिलेलं असतं, मालकाला काय करता येईल, त्याच्या गटाला काय आणि इतरेजनांना काय. म्हणजे कोणी वाचावं, कोणी लिहावं आणि कोणी काउंटरबाहेर उभं राहावं! असं सोवळं पाळणारी सिस्टीम पुढे बँकांमध्ये रुजली यात नवल नाही.

पण आपल्याकडे यंत्र बँकेत शिरलं ते सुखासुखी नाही. 'यंत्र आलं की माणूस गेला' ही धास्ती घरोघरी होती, आणि ती काही खोटी म्हणता येणार नाही. १९८३ साली युनियन आणि बँकांचा करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग लेजर लिहिणारी यंत्रं शाखांत दिसू लागली.

घरगुती कॉम्प्युटरवर मात्र निराळीच तऱ्हा. सिअ‍ॅटलच्या टिम पॅटरसननं १९८० साली एक सिस्टीम लिहिली. तिचं नावच मुळी 'झटपट आणि गबाळी' अशा अर्थाचं. मायक्रोसॉफ्टनं १९८१ साली ती विकत घेतली आणि तिचीच डॉस झाली. तिच्यात कोणताही प्रोग्रॅम कोणाच्याही जागेत घुसे. स्ट्राँगरूमला दारच नाही! नाशिककरांना यातला धोका सांगायला नको. सिंहस्थात स्नानाच्या मानावरून पूर्वी शस्त्रं निघत. शेवटी शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर आणि वैष्णवांनी नाशकात रामकुंडावर, अशी वाटणी झाली. रामकुंडावरही तीन आखाड्यांना क्रम आणि वेळ नेमून दिलेली. मायक्रोसॉफ्टला आपली कुंडं नीट वेगळी करायला १९९३ साल उजाडलं, विंडोज एनटीच्या रूपानं. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं युनिक्सच्या वळणावर लिनक्स लिहायला घेतलं. अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. म्हणजे हेडक्लार्क आता खिशात!

या घराण्याची एक आख्यायिका पाठ्यपुस्तकांत सांगतात. १९७३ साली एमआयटीतलं एक यंत्र बंद केलं, तेव्हा १९६७ साली दिलेलं एक किरकोळ काम अजून रांगेतच सापडलं. महत्त्वाची कामं पुढे घेता घेता त्या गरिबाचा नंबरच लागला नव्हता. यावर 'एजिंग' नावाचा उपाय आहे. जो जितका थांबला, तितका त्याचा मान वाढवायचा.

आमच्या जुन्या हेडक्लार्कना हे कोणी शिकवलं नव्हतं. एक तारखेला पेन्शनच्या गर्दीत कोणती आजी सकाळपासून बाकावर बसली आहे, हे त्यांना मान वर न करता कळायचं. 'अरे, आजींचं आधी घे रे' म्हणायचे. यंत्राला ते कळावं म्हणून कोणाला तरी ते लिहून ठेवावं लागतं. लेजरं गेली, बोटांचे घट्टे गेले, याचं मला दुःख नाही. पण आजींना 'सिस्टीम घेत नाही' असं सांगून आपण मोकळे होतो ना, ते खुपतं. सिस्टीमच्या मनात काही नसतं हो. रांग कशी लावायची ते कुठल्या तरी माणसानंच ठरवलेलं असतं, आणि आजींचा विचार त्यानंच करायचा असतो.

एजिंगची ती युक्ती आमच्या हेड ऑफिसनंही उचलली असावी. माझा बदलीचा अर्ज सहा वर्षं तिथे पडून आहे. फक्त 'एजिंग' म्हणजे अर्जदाराचं वय वाढू देणं, असा अर्थ त्यांनी घेतलेला दिसतो.